तंत्रस्नेही शिक्षकाची कैफियत

माणसाला त्रास झाला की तो तक्रार करतो, हे रीतसर आहे. माझी अडचण अशी की मला कुणी त्रास देत नाही. सगळे मदत करतात. शासन मदत करतं, जिल्हा परिषद मदत करते, बंगळुरूहून मदत येते, मार्चअखेर एखाद्या कंपनीचा सामाजिक दायित्व निधी शिल्लक राहिला तर ती कंपनीही धावून येते. सगळ्यांना काळजी एकच : प्राथमिक शिक्षकाला गणित, विज्ञान आणि भाषा शिकवताना तंत्रज्ञान वापरता यावं. मी प्राथमिक शिक्षक आहे. म्हणजे ही सगळी मदत जिथे येऊन पडते, ती जागा मी. तुम्ही चहा घ्या. प्रकरण लांबलचक आहे आणि क्रमवार सांगितल्याशिवाय त्याचं गांभीर्य लक्षात यायचं नाही.

राहायला मी काल्हेरला. ठाण्याहून बाळकूम सोडलं, खाडीपूल ओलांडला की आधी कशेळी, मग काल्हेर, पुढे पूर्णा आणि अंजूरफाटा. डोक्यावर मेट्रो ५ चे खांब, खाली कंटेनर, आणि दोघांच्या मधून वाट काढणारे आपण. शाळा भिवंडी तालुक्यातच आहे, पण नाव विचारू नका. नाव छापून आलं की खुलासा मागवतात. माझ्या खिडकीतून गोदामं दिसतात. मुंबई-ठाण्याची माणसं मोबाईलवर बोट टेकवून जे काही मागवतात, त्यातलं बरंचसं या भिवंडीच्या पट्ट्यात एखादी रात्र मुक्काम करून पुढे जातं. टीव्ही, टॅबलेट, प्रोजेक्टर, स्पीकर, केबली. म्हणजे एकविसाव्या शतकाचं शिक्षण माझ्या उशाशी खोक्यात बंद पडलेलं असतं. इथून ते बोरिवलीला दुसऱ्या दिवशी पोचतं. माझ्या वर्गात यायचं झालं तर मात्र त्याला आधी मुंबईला मंत्रालयात जावं लागतं, तिथून पुण्याला, मग ठाण्याला, मग पंचायत समितीत, मग केंद्रशाळेत. हा प्रवास पुरा होईपर्यंत त्याची वॉरंटी संपलेली असते.

हा अन्याय माझ्यापासून सुरू झाला असं समजू नका. थॉमस एडिसनने १९१३ सालीच सांगून टाकलं होतं की शाळेतली पुस्तकं लवकरच बाद होणार आणि सगळं ज्ञान सिनेमातून दिलं जाणार. पुस्तकं अजून आहेत. एडिसनच्या त्या सिनेमाच्या प्रशिक्षणाला आमच्या केंद्रातून कुणी गेलं होतं का, याची नोंद सापडत नाही. आपल्याकडे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी निघाली, दूरदर्शनवर शाळेचे कार्यक्रम आले. काही शाळांत टीव्ही आला तो लाकडी पेटीतून, पेटीला कुलूप लावूनच. २००४ च्या सप्टेंबरात भारताने खास शिक्षणासाठी एज्युसॅट नावाचा उपग्रह सोडला. उपग्रह ठरल्या जागी, ठरल्या वेळी पोचला. त्याबद्दल मी शास्त्रज्ञांचा आदर करतो. त्यांना फक्त विषुववृत्ताच्या वर छत्तीस हजार किलोमीटर जायचं होतं. छतावरच्या डिशपासून खाली वर्गातल्या टीव्हीपर्यंत यायचं काम दुसऱ्या विभागाकडे होतं. बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली. त्या पेटीच्या कुलपाची किल्ली कुठे गेली, हे आजही काही शाळांत सांगता येत नाही.

२२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ चा शासन निर्णय आला आणि पाठोपाठ गावोगाव शाळा डिजिटल व्हायला लागल्या. वर्गणी काढून, ग्रामपंचायतीच्या मागे लागून, प्रसंगी शिक्षकांच्या पगारातून. लोकांनी खरंच पैसे दिले, हे मी मान्य करतो. आणि इथेच काही सज्जनांनी आमचं नुकसान केलं. आमच्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावर, संदीप गुंड नावाच्या गुरुजींनी जिल्हा परिषदेची शाळा टॅबलेटवर चालवून दाखवली. लोक बसगाड्या करून ती शाळा बघायला जायचे. तिकडे माढा तालुक्यात परितेवाडीला रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवले, ती कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली, आणि ३ डिसेंबर २०२० ला त्यांना दहा लाख डॉलरचं जागतिक पारितोषिक मिळालं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. माझा या दोघांवर काडीचाही राग नाही. पण त्या दिवसापासून शाळेत जो अधिकारी येतो, तो चहाचा कप खाली ठेवून विचारतो, “गुरुजी, ते करू शकतात, मग तुम्ही का नाही?” डॉलर वाटून घेणाऱ्या नऊ जणांत आमचं नाव नव्हतं, हे मी सांगत नाही. वरिष्ठांना उलट उत्तर देऊ नये.

आता मूळ मुद्दा : प्रशिक्षण.

प्रशिक्षणाला गेलं की पहिला तास नोंदणीच्या लिंकचा. लिंक उघडायला नेट लागतं, नेट हॉलच्या दाराशी येतं, म्हणून तालुक्याचे सगळे शिक्षक दाराशी हात वर करून उभे. मग पूर्वचाचणी. मग सुलभक येतात. सुलभक हा तुमच्या-आमच्यासारखाच शिक्षक. त्याला गेल्या आठवड्यात कुणीतरी असंच दाराशी उभं केलेलं असतं. तो पडद्यावर अक्षरांनी गच्च भरलेली स्लाइड लावतो आणि ती शब्दन् शब्द वाचून दाखवतो. स्लाइडवर लिहिलेलं असतं की शिक्षकाने वाचून दाखवण्याची पद्धत सोडून द्यावी. आम्ही ते वहीत उतरवून घेतो.

एकदा माझ्या शेजारच्या बाईंनी हात वर केला. त्या खाडीकाठच्या एका शाळेत पहिली-दुसरी सांभाळतात. त्यांनी विचारलं, “सर, पोरं बावन्न, टीव्ही बत्तीस इंची. मागच्या तीन ओळींना अक्षर दिसत नाही. तर काय करायचं?” सुलभक मनापासून खूश झाले. म्हणाले, “मॅडम, फारच छान प्रश्न. हा आपण पार्किंग लॉटमध्ये टाकू.” भिंतीवर तसा एक तक्ता खरोखरच लावलेला होता. वर ‘पार्किंग लॉट’ असं लिहिलेलं आणि खाली रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. बाईंची चिठ्ठीही तिथे लागली. आमच्या काल्हेरच्या रस्त्यावर पार्किंगमध्ये घुसलेला ट्रक निदान पहाटे निघतो. बाईंचा प्रश्न अजून तिथेच आहे. संध्याकाळी उत्तरचाचणी झाली, अभिप्रायाची लिंक आली, ‘प्रशिक्षण आपणास कितपत उपयुक्त वाटले’ याला पाचपैकी पाच तारे दिले की प्रमाणपत्र उतरवून घेता येतं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासून पाहायचं धाडस आजवर कुणी केलेलं नाही.

हे समोरासमोरचं. घरबसल्याचं निराळं. ‘निष्ठा’ नावाचं राष्ट्रीय प्रशिक्षण ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं आणि कोरोनाची साथ आल्यावर ऑक्टोबर २०२० पासून दीक्षा ॲपवर गेलं. प्राथमिक शिक्षकांसाठी अठरा भाग. मजकूर वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगतो; काही भाग तर चांगलेच होते. पण राज्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत तेव्हा कुकरच्या शेजारी मोबाईल टेकवलेला असायचा आणि त्यात कुणीतरी तज्ज्ञ बालकेंद्री अध्यापनावर बोलत असायचे. त्यांचं बोलणं आणि भाजी एकाच वेळी शिजायची. प्रश्नमंजूषेच्या उत्तरांची पीडीएफ शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर कुठून यायची, हे मला विचारू नका. मी गटात फक्त ‘सुप्रभात’ बघतो.

समजा, तुम्ही सगळं शिकून, प्रमाणपत्र फाईलला लावून, उत्साहाने शाळेत परत आलात. आता वर्गातला टीव्ही सुरू करायचा आहे. आमचा टीव्ही एका कंपनीने दिला. तो कुठे टांगायचा, हे उद्घाटनाच्या फोटोत पाहुणे कुठे उभे राहतील त्यावरून ठरलं. त्यामुळे तो दाराच्या वर, खूप उंच आहे. विजेचा बोर्ड समोरच्या भिंतीला. लॅपटॉप बोर्डापाशी ठेवला तर टीव्हीची केबल पोचत नाही, केबल लावली तर लॅपटॉपला वीज पोचत नाही. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निवर्तली आहे. यावर तोडगा म्हणून पाचवीतला एक उंच मुलगा बाकावर स्टूल ठेवून त्यावर उभा राहतो आणि तासभर लॅपटॉप दोन्ही हातांवर तोलून धरतो. दुसरा मुलगा खालून एक्स्टेंशनची वायर धरतो. हजेरीत दोघेही उपस्थित असतात. आमच्या शाळेच्या बालमंत्रिमंडळात आरोग्यमंत्री आहे, स्वच्छतामंत्री आहे. मुलांनी आपल्या अधिकारात केबलमंत्र्याचं खातंही निर्माण केलं. त्या खात्यासाठी दरवर्षी चुरस असते, कारण केबलमंत्र्याला गृहपाठ विचारत नाहीत.

तुम्ही म्हणाल, जरा लांब केबल घ्या की. मीही हेच म्हणालो होतो. तेव्हा असा प्रश्न निघाला की केबल ही उपभोग्य वस्तू आहे की जडवस्तू. जडवस्तू असेल तर तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला हवी. नोंद झाली की ती दरवर्षी मोजून दाखवायची आणि उद्या उंदराने खाल्ली तर तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव वर पाठवायचा. उंदराने खाल्लेल्या केबलीचे अवशेष प्रस्तावासोबत जोडायचे की नाही, याबाबत स्पष्टता नाही. डेडस्टॉक रजिस्टरची ताकद तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. शाळेत नव्याने आलेला टॅबलेट मुलांच्या हाती द्यायच्या ऐवजी कपाटात का राहतो, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलंय : शिक्षकांची मानसिकता, बदलाची भीती, वगैरे वगैरे. कारण एवढंच की काच फुटली तर रजिस्टरवर सही मुख्याध्यापकांची आहे आणि त्यांच्या निवृत्तीच्या कागदांत ‘येणे बाकी’ म्हणून तीच काच पुढे उभी राहणार आहे. कपाटातला टॅबलेट फुटत नाही. लेखापरीक्षणात तो आजही नवाकोरा सापडतो आणि शेरा येतो, ‘साहित्य सुस्थितीत’.

बरं, उपभोग्य वस्तू धरली तर ती शाळा अनुदानातून घेता येते. पण समग्र शिक्षा योजनेचे पैसे आता शासनाच्या पीएफएमएस प्रणालीतून थेट दुकानदाराच्या खात्यात जातात. म्हणजे आधी दुकानदाराची नोंदणी, त्याचं बँक पासबुक, त्याचा पॅन. अंजूरफाट्याच्या दुकानदाराला मी हे सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, केबल अशीच घेऊन जा. पैसे नको. पण मला त्या पोर्टलवर घालू नका.” आता फुकट घेतलेली वस्तू म्हणजे लोकसहभाग. लोकसहभाग म्हटला की शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आला. समितीचे निम्मे सदस्य गोदामांत पाळीने जातात. गणपूर्ती होते ती फक्त पंधरा ऑगस्टला, आणि त्या दिवशी ठरावापेक्षा वडापाव महत्त्वाचा असतो.

आणखी एक प्रश्न तुमच्या ओठांवर आलाय, दिसतंय मला. स्वतःच्या खिशातून का नाही घेत? घेतो ना. रिमोटचे सेल मी घेतो. स्पीकरची पिन मी घेतली. नेट माझ्या मोबाईलचं, रिचार्ज माझं, ॲप उतरवायला जागा करायची म्हणून धाकट्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो मी पुसले. माणसाला कुठेतरी तत्त्व म्हणून थांबावं लागतं. मी केबलपाशी थांबलोय.

टीव्ही चालू झाला असं धरून चालू. आता ओटीपी. शाळेच्या नावाने जे खातं आहे, ते आधीच्या मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर नोंदलेलं आहे आणि ते बदलीने मुरबाडच्या डोंगराकडे गेले. इकडे आम्ही बटण दाबलं की तिकडे त्यांना ओटीपी येतो. त्यांना रेंज असेल तर. मग मी फोन करतो, “सर, आला का?” ते शाळेमागच्या टेकाडावर चढतात, “थांबा, येतोय... हां, लिहून घ्या.” तोवर मुदत संपते. पुन्हा बटण, पुन्हा टेकाड. सरांचा रक्तदाब त्यामुळे आटोक्यात आला, असं वहिनी म्हणतात. क्रमांक बदलून मिळावा म्हणून अर्ज करता येतो. अर्ज ऑनलाइन करायचा असतो, आणि तो पडताळायला नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी येतो.

विज्ञानाकडे वळू. पाचवीला परिसर अभ्यासात पृथ्वीचं फिरणं आहे. मी आदल्या रात्री जागून एक सुरेख चलचित्र शोधलं : पृथ्वी स्वतःभोवती फिरते, अर्धी उजळते, अर्धी काळोखात जाते. दुसऱ्या दिवशी केबलमंत्री स्टुलावर चढला. खिडक्यांना पडदे नाहीत, उजेडात टीव्हीवर काही दिसत नाही, म्हणून दोन मुलींनी खिडकीवर सतरंजी धरली. ओटीपी पहिल्या फटक्यात आला. एवढे ग्रह एका रेषेत क्वचित येतात. पृथ्वी दिसली, चतकोर फिरली आणि लाईट गेली. सतरंजीमुळे वर्गात पूर्ण अंधार. अंधारात एक पोरगी म्हणाली, “गुरुजी, रात झाली.” मग मी मोबाईलची विजेरी लावली, एका मुलाच्या दप्तरातून रबरी चेंडू घेतला, त्यावर खडूने काल्हेरचा ठिपका काढला आणि चेंडू हळूहळू फिरवला. ठिपका उजेडात आला की पोरं ओरडायची, “दिवस!” पलीकडे गेला की, “रात!” एकाने विचारलं, मग ठिपका अंधारात असताना तिकडच्या बाजूची गोदामं चालू असतात का? हा प्रश्न कुठल्याही पूर्वचाचणीत नव्हता. संध्याकाळी अहवाल भरायचा होता : ‘आज अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर केला का? जिओटॅग फोटो जोडा.’ मी चेंडूवर पडलेल्या विजेरीचा फोटो जोडला आणि ‘मोबाईल तंत्रज्ञानाद्वारे’ असं लिहिलं. ते मंजूर झालं. चलचित्राचा तास, फोटो नसल्यामुळे, झालेला नाही.

यावरून मी यंत्राच्या विरोधात आहे, असा निष्कर्ष काढाल तर तो माझ्यावर अन्याय होईल. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ साली ‘फेट’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यातले प्रयोग फुकट आहेत, मराठीतही आहेत, आणि उतरवून ठेवले तर नेटशिवाय चालतात. त्यात फुगा स्वेटरवर घासून भिंतीला चिकटवायचा प्रयोग आहे. खाडीकाठच्या आमच्या दमट हवेत खरा फुगा भिंतीला चिकटता चिकटत नाही, आणि स्वेटर तर आमच्या पोरांनी फक्त यातच पाहिला. इथे यंत्राचं काम यंत्रानेच करावं, चेंडूने होणार नाही. गणितात जिओजेब्रा तसंच. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने २००१ च्या सुमारास पदव्युत्तर प्रबंधासाठी केलेलं. त्रिकोणाचं एक टोक धरून ओढत राहा, तीन कोनांची बेरीज १८० ची १८० राहते. मुलांनी ते टोक पार भिंतीपर्यंत ओढून बघितलं. ‘अजून एकशेऐंशीच?’ असं विचारताना त्यांच्या तोंडावर जो अविश्वास होता, तो मला फळ्यावर कधी काढता आला नसता. केबलमंत्र्याचे हात मात्र भरून आले होते.

दुसरीकडे सरावाचं एक ॲप आहे. ते संख्येत तीन-तीन आकड्यांनी स्वल्पविराम देतं. आमच्या पुस्तकात एक लाख असं लिहितात : १,००,०००. ॲपमध्ये येतं १००,०००. एका मुलीने हात वर केला, “सर, हे शंभर हजार आहे.” बरोबरच आहे तिचं. मी तिला सांगितलं, पृथ्वीवर काही देशांत लाख नसतात. तिला त्या देशांची दया आली. मी ही बाब ॲपवाल्यांना कळवली. त्यांचं उत्तर तत्काळ आलं : आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

भाषेची कथा याहून करुण. मूल मोठ्याने वाचतं आणि यंत्र ऐकून चूक-बरोबर सांगतं, असं एक ॲप आलं. कल्पना उत्तम, एका शिक्षकाला बावन्न मुलांचं वाचन रोज ऐकता येत नाही, यंत्राला येतं. आमच्या वर्गात निम्मी पोरं गावातल्या आगरी घरांतली, उरलेल्यांत उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या हमालांची, यंत्रमाग कामगारांची. आगरी पोरगा ‘पाणी’ हा शब्द डोळ्यांनी नीट वाचतो आणि घरच्या सवयीने ‘पानी’ म्हणतो. त्याला अक्षर येतं, अर्थ येतो, तहानही लागते. यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा. तो पुन्हा म्हणतो, पानी. शेवटी त्याने फोन माझ्या हातात दिला, “गुरुजी, याला मराठी नाय येत.” हा पोरगा वर्गात कधी न बोलणारा. त्या दिवशी त्याने यंत्राला नापास केलं आणि मग सबंध पान मला वाचून दाखवलं. ॲपच्या नोंदीत तो अजून पहिल्या पायरीवर आहे आणि महिनाअखेर त्याच्याबद्दल मला खुलासा द्यावा लागेल.

क्यूआर कोडचं तर बोलूच नका. कोड पुस्तकात आहे, पुस्तक दप्तरात आहे, पण कोड वाचणारा फोन घरात एकच, आणि तो बापाबरोबर गोदामात रात्रपाळीला जातो. बाप पहाटे येतो तेव्हा पोर झोपलेलं, पोर शाळेत असतं तेव्हा बाप झोपलेला. रात्रभर तो बाप गोदामात खोक्यांवरचे कोड स्कॅन करतो, ते ठीक वाचले जातात.

मग नोंदी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. सरल आणि यू-डायस ही पोर्टलं, पोषण आहार, उपस्थिती, आधार यांच्या नोंदींची कामं त्या यादीत नाहीत. त्यामुळे ती शैक्षणिक असणार, असा मी कायद्याचा अर्थ लावतो. २०१६ च्या अखेरीस तर दहा-दहा विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून सरलवर चढवा, असा आदेश निघाला होता. शिक्षकांनी ओरड केली, तो बारगळला. मला व्यक्तिशः वाईट वाटलं. आमच्या वर्गात केबलमंत्री स्टुलावर असताना सेल्फी फार छान आली असती.

नुसती यंत्रं वाटून शिकणं होत नाही, हे माझं एकट्याचं म्हणणं नाही, साक्षीदार आहेत. पेरू देशाने मुलांना लाखोंनी लॅपटॉप वाटले. २०१२ च्या अभ्यासात निघालं की गणितात आणि भाषेत फरक पडला नाही. युनेस्कोने जुलै २०२३ च्या जागतिक अहवालात, शिक्षणातल्या तंत्रज्ञानाबद्दल दावे भरपूर पण भक्कम पुरावा थोडा, असंच सांगितलं. विरुद्ध बाजूचा साक्षीदार दडवणं मात्र बरं नव्हे. दिल्लीतल्या काही केंद्रांत शाळेनंतर मुलांना ‘माइंडस्पार्क’ या संगणकी कार्यक्रमावर बसवलं, तेव्हा काही महिन्यांतच त्यांनी गणितात आणि हिंदीत खरीखुरी मजल मारली. २०१९ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नामांकित नियतकालिकात ते छापून आलं. कारणही साधं होतं. सातवीतल्या ज्या मुलाला तिसरीचं गणित येत नव्हतं, त्याला तो संगणक तिसरीचं गणित द्यायचा. सातवीचं पुस्तक संपवायची त्याच्यावर सक्ती नव्हती. शिवाय यंत्रांची देखभाल करायला आणि अडलेल्या पोराजवळ बसायला तिथे माणूस होता. मी छातीठोकपणे सांगतो, त्या माणसाच्या केबली पोचत असणार.

तेव्हा मदत करू इच्छिणाऱ्या सर्व संबंधितांस विनंती की हॉल भाड्याने घेऊ नये. माझ्या वर्गात यावं. मागच्या तीन ओळींपैकी कुठल्याही ओळीत बसावं, अक्षर दिसतं का ते स्वतः पाहावं, लाईट गेल्यावर काय करायचं ते मला दाखवावं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं. चहाची व्यवस्था मी करतो. हे जमण्यासारखं नसेल, दौरे असतील, मार्चअखेर जवळ असेल, तर निदान एवढं तरी करा : काल्हेर-पूर्णा पट्ट्यात तुमचा किंवा तुमच्या मेव्हण्याचा गाळा असेल, तर पाच मीटरची एचडीएमआय केबल पाठवून द्या. समितीचा ठराव मी पंधरा ऑगस्टला वडापावच्या आधी करून घेतो. केबलीसोबत प्रशिक्षण मात्र पाठवू नका.